लिंबाचे आम्ल आणि गिरधरभाऊंचे हृदय

बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातल्या गिरधरभाऊ महाजनांच्या छातीत दुखत असे, आणि ते मराठीत दुखत असे. सन एकोणीसशे छप्पन्नच्या ऑक्टोबरअखेरपर्यंत याला कोणाचीही हरकत नव्हती.

दुखण्याची रीत ठरलेली होती. तापीकाठच्या केळीच्या बागेत सकाळी उतरताना काही होत नसे. परतीचा घाट चढून ते वेशीशी आले, की कोणीतरी छातीवर केळीचा भरला घड ठेवून ‘जरा धरा, आलोच’ म्हणून निघून जाई आणि लवकर परत येत नसे. मग गिरधरभाऊ वेशीतल्या ओट्यावर घामाघूम होऊन बसत. बुधवाऱ्यातल्या सरकारी दवाखान्यात नागपूरहून आलेले डॉक्टर सुधाकर पुराणिक यांनी या दुखण्याला ‘हृच्छूल’ असे नाव दिले. नाव मिळाल्याने दुखणे कमी झाले नाही, पण घरात त्याचा मान वाढला. रंभाबाई, म्हणजे गिरधरभाऊंच्या पत्नी, शेजारणींना सांगू लागल्या, “आमच्या ह्याइचं दुखनं साधं नाही, माय. राजधानीतून नाव आलं त्याले.”

त्या काळी राजधानी नागपूर होती. डॉक्टर तिथूनच एक संशोधन घेऊन आले होते. हृदय अन्न जाळते, त्या जळण्यात सायट्रिक ॲसिड नावाचे एक आम्ल तयार होते, आणि हृच्छूलाच्या रुग्णात या आम्लाचा हिशेब कुठेतरी चुकतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. डॉक्टर मोठे भाषाभिमानी. स्वराज्यात हृदयाने परक्या भाषेत चालावे हे त्यांना मान्य नव्हते. म्हणून संशोधनाची सगळी योजना त्यांनी शुद्ध मराठीत लिहिली, आणि सायट्रिक ॲसिड खोडून तिथे ‘लिंबाचे आम्ल’ असे ठसठशीत अक्षरात घातले.

“हृदय म्हणजे चूल समजा, भाऊ,” डॉक्टर म्हणाले.

“समजलो.”

“त्या चुलीत जळण जळताना लिंबाचं आम्ल होतं. तुमच्या चुलीत ते बिघडतं असा मला संशय आहे. मी ते वरून पाजतो, तुम्ही घाट चढा, मग मी रक्त काढून मोजतो.”

“आन चढता चढता दुखलं तं?”

“तर ही गोळी जिभेखाली ठेवायची.”

खरी गंमत त्या गोळीत होती. उचलली गोळी, लावली जिभेखाली, की घड ठेवून गेलेला माणूस धावत येऊन तो उतरवून नेई. गोळी गावातल्या कोणत्याही दुकानात मिळत नसे; ती फक्त संशोधनातल्या रुग्णांना मिळे. संशोधन लिंबाचे होते आणि गुण गोळीचा होता, पण गोळीवर संशोधन चालू नसल्यामुळे अहवालात तिचा उल्लेख ‘इतर’ असा होत असे. गिरधरभाऊंना त्याचे काही नव्हते. आंबट अर्क ते निमूट पीत आणि गोळी खिशात घालून बागेत जात. तेवढ्या एका गोळीच्या जोरावर त्यांना आपली केळी रोज डोळ्यांनी पाहता येत होती.

नोव्हेंबर उजाडला आणि राज्यांची पुनर्रचना झाली. बुऱ्हाणपूर होते तिथेच राहिले. राज्याचे नावही मध्यप्रदेश हेच राहिले. फक्त राजधानी भोपाळला गेली आणि नागपूर मुंबई राज्यात गेले. आता दोन राज्यांमध्ये सामायिक मालमत्तेची वाटणी करणे आले. त्यासाठी नेमलेल्या समितीची एक शाखा दवाखान्यात येऊन बसली. खुर्च्या, तराजू आणि उंदरांचे पिंजरे यांची वाटणी खेळीमेळीने झाली. घोडे अडले ते रुग्णांपाशी.

नागपूरकरांचे म्हणणे, रक्त आमच्या सुईने काढले, सबब रक्त आमचे. भोपाळकरांचे म्हणणे, रक्त आले कुठून? हृदयातून. हृदय कुठे आहे? बुऱ्हाणपुरात. बऱ्याच चहानंतर तडजोड निघाली. काढलेले रक्त मुंबई राज्याचे, न काढलेले मध्यप्रदेशाचे. शूल ज्या राज्याच्या हद्दीत उठेल, त्या राज्याचा.

“आन मी?” बाकावर बसलेल्या गिरधरभाऊंनी विचारले.

“तुम्ही अविभाज्य आहात,” समितीचे अध्यक्ष आदराने म्हणाले.

“मंग गोळ्या?”

“त्या विभाज्य आहेत. पण अजून विभागलेल्या नाहीत.”

गोळ्यांच्या बरण्या काचेच्या कपाटात ठेवून कपाटाला दोन्ही राज्यांचे लाखेचे शिक्के लावण्यात आले. दोघांचे प्रतिनिधी एकाच वेळी हजर असल्याशिवाय ते उघडायचे नाही असे ठरले, आणि बैठक संपल्यावर एकाच वेळी हजर राहण्याचे त्यांना काही कारण उरले नाही. डॉक्टरांचीही वाटणी झाली. ते नागपूरच्या वाट्याला गेले. निघताना त्यांनी गिरधरभाऊंच्या पाठीवर हात ठेवला. “काळजी करू नका, भाऊ. मी सगळं लिहून ठेवलं आहे. एक अक्षरसुद्धा परकं नाही.”

तेव्हापासून छातीत दुखले की गिरधरभाऊ दवाखान्यात येत आणि देवळात बसावे तसे त्या कपाटासमोर बसत. काचेतून गोळ्या स्पष्ट दिसत. दर्शनाने थोडे बरे वाटे, पण थोडेच.

नव्या राजधानीने संशोधन बंद केले नाही. बंद करायचे तर ते आधी सुरू आहे हे मान्य करावे लागले असते, आणि मान्य करायचे तर योजना हिंदीत आणावी लागली असती. तिथे ती एका अनुवादकाच्या हाती लागली. ‘लिंबाचे आम्ल’ या शब्दांपाशी तो जबाबदार माणूस थांबला आणि त्याने कोश उघडला. कोशात ‘लिंब’ या शब्दासमोर ‘नीम’ असे स्वच्छ छापले होते. कोश बरोबर होता. अनुवादकही बरोबर होता. चूक असलीच तर ती मराठीच्या व्याकरणाची. लोणचे लिंबाचे घालायचे आणि दात लिंबाच्या काडीने घासायचे, असा तिचा कारभार पूर्वापार चालत आला आहे. तरी आजवर कोणी लोणच्याने दात घासले नाहीत, कारण हा व्यवहार माणसे करत होती.

थोड्याच दिवसांत दवाखान्याच्या दारात कडुनिंबाच्या अर्काची पिंपे उतरली. त्यांच्यासोबत भाषा-समन्वय अधिकारी म्हणून नंदकुमारसाहेब आले. हे बुधवाऱ्यातलेच. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि झोपेत दोन्ही बोलणारे, म्हणून तर त्यांची नेमणूक झाली होती. पहिला पेला त्यांनी स्वतः भरून गिरधरभाऊंच्या हातात दिला. गिरधरभाऊंनी तो सवयीने घोटभर प्यायला आणि त्यांचा चेहरा जुन्या चपलेसारखा वाकला.

“साहेब, हा तं लिंबाचा पाला हाय!”

“बरोबर. योजनेत लिंबाचाच लिहिला आहे.”

“अवो, लिंबाचा म्हंजे लिंबूचा! आंबट! हा कडूजहर हाय!”

नंदकुमारसाहेबांनी इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. “भाऊ, मी काय परदेसातून आलो का? मले लिंबू अन् लिंब कळत नही का? आमच्या घरी बी लोणचं घालतेत. पर फाईलमधी नीम मंजूर झाला, नीमचा ठेका निघाला. आता मी लिंबू आणला, तं तो घोटाळा होतो.”

“मंग चूक दुरुस्त करा ना.”

“ज्यानं लिहिलं त्यालेच दुरुस्तीचा अधिकार आहे. तो आता दुसऱ्या राज्यात आहे.”

तरी नंदकुमारसाहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनी खुलासा मागवला. ‘आपण योजनेत लिंबाचे असे म्हटले आहे, ते लिंबाचेच ना?’ हा प्रश्न बुऱ्हाणपूरहून भोपाळला, भोपाळहून मुंबईला आणि मुंबईहून नागपूरला गेला. आपल्या मराठीवर कोणी शंका घेतो हे पाहून डॉक्टर पुराणिक संतापले. त्यांनी बाणेदार उत्तर धाडले : लिंबाचे म्हणजे लिंबाचेच, शंका घेणाऱ्याने मराठीची पहिली इयत्ता पुन्हा करावी. भोपाळला त्याचा अनुवाद झाला : नीम का अर्थ नीम ही है. त्यावर शिक्का बसला आणि प्रश्न निकाली निघाला.

योजनेत आणखी एक वाक्य होते. ‘शूल उठल्यास लिंबाच्या अर्काची मात्रा वाढवावी.’ त्याचा अनुवाद मात्र अगदी बिनचूक झाला. त्यामुळे घाटावर ‘दुखते’ म्हणणाऱ्याला जागच्या जागी आणखी एक पेला मिळू लागला, आणि तो पुन्हा कण्हला तर दुसरा. ही गोम पहिल्यांदा ओळखली ती भिकन मागवाल्याने. इतवाऱ्यात त्याचे चार माग होते आणि हृदय गिरधरभाऊंपेक्षाही नाजूक. एके दिवशी तो घाट चढून वर आला तेव्हा ओठ निळे पडले होते आणि एका हाताने त्याने वेशीची कमान धरली होती.

“दुखते का?” नंदकुमारसाहेबांनी पेला पुढे करत विचारले.

“दुखते?” भिकन म्हणाला. “मले तं गानं म्हनावं वाटून रायलं!”

पाहता पाहता सगळ्याच रुग्णांना गाणे म्हणावेसे वाटू लागले. भिंतीवरच्या आलेखातली दुखण्याची रेघ घाट उतरावी तशी उतरत जमिनीला टेकली. भोपाळला आनंद झाला. जिल्ह्यातून हृच्छूलाचे उच्चाटन झाल्याचे वृत्त निघाले. एकटे गिरधरभाऊ तेवढे अडून होते. आपण नाही म्हटले तर गोळी कोणत्या तोंडाने मागायची, हा त्यांचा साधा हिशेब होता.

“साहेब, मले दुखते. गोळी द्या.”

“भाऊ, गोळी शूलावर असते. शूल तं जिल्ह्यातून संपला.”

“माह्या छातीत हाय ना!”

“तुमची छाती जिल्ह्यात आहे का?”

“हाय.”

“मंग संपला.”

रोगच उरला नाही म्हटल्यावर कपाटातल्या गोळ्या ‘निरुपयोगी साठा’ ठरल्या. निरुपयोगी साठा नष्ट करायला मात्र दोन्ही राज्यांचे प्रतिनिधी ताबडतोब, अगदी एकाच मोटारीतून आले. लाखेचे शिक्के फुटले, कपाट उघडले. गिरधरभाऊ समोरच्या बाकावर बसून पाहत होते. गोळ्यांची समसमान वाटणी झाली. आपापला हिस्सा जो तो आपल्या हद्दीत बुडवणार होता. शेवटी एक गोळी उरली. तिचे काय करावे याचा विचार होईपर्यंत गिरधरभाऊ उठले आणि त्यांनी हात पुढे केला.

“तेवढी एक तं द्या, साहेब.”

“कशी देणार?” मुंबई राज्याचे प्रतिनिधी हळहळून म्हणाले. “ती संयुक्त आहे.” आणि सुपारीच्या अडकित्त्याने त्यांनी तिचे दोन भाग केले.

त्या दिवशी गिरधरभाऊ बागेत गेले नाहीत. रंभाबाईंनी त्यांच्या छातीला तेल चोळले, लिंबू पिळून सरबत दिले.

“अवो, तुमी बी भिकनभाऊवानी नाही म्हना ना. काहून तो कडू पेला रोज ओढवून घेता?”

“नाही म्हनलं तं गोळी कशी भेटन?”

“आन हो म्हनून भेटली का?”

रंभाबाईंनी पदर डोळ्याला लावला. “मले ना गोळी पाह्यजे, ना सरकार पाह्यजे. मले तुमी पाह्यजे,” त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांच्या संसारात असे बोलायची त्यांची पहिलीच वेळ होती, म्हणून दोघेही लाजले.

पुढच्याच आठवड्यात इतवाऱ्यात रोगमुक्तीचा सोहळा ठरला. सत्कारासाठी एक बरा झालेला रुग्ण हवा होता. ज्यांनी तक्रार करायची केव्हाच सोडली होती, ते कधी आजारी होते याचाच पुरावा नव्हता. दुखण्याची भरघोस नोंद एकाच माणसाच्या नावावर होती. तेव्हा सर्वांत जास्त बरे झालेले म्हणून गिरधरभाऊंची एकमताने निवड झाली.

“मी नाही येत,” गिरधरभाऊ म्हणाले.

“या, भाऊ,” नंदकुमारसाहेब म्हणाले. “मोठे पाहुणे येऊन राहिले. जे मनात आहे ते खुद्द त्याइलेच सांगा. मी शब्दाले शब्द लावून हिंदीत सांगतो.”

हे गिरधरभाऊंना पटले. वरच्या माणसाच्या कानावर एकदा खरे घातले, की गोळ्या परत येतील, आणि गोळ्या आल्या की बाग. ते धुतलेले धोतर नेसून निघाले. व्यासपीठ मोठे उंच केले होते, गर्दीला रोगमुक्त माणूस नीट दिसावा म्हणून. शिडी चढून वर पोहोचेपर्यंत छातीवर एक नव्हे, सगळ्या बागेतले घड येऊन बसले. गळ्यात हार पडला. हातात हिरवा पेला आला. भोपाळच्या पाहुण्यांनी ध्वनिक्षेपक त्यांच्यापुढे सरकवला. “कहिए महाजनजी, अब कैसा लगता है?”

गिरधरभाऊंनी श्वास गोळा केला. “मले दुखते,” ते म्हणाले.

भिकनने मान खाली घातली. पाहुण्यांनी नंदकुमारसाहेबांकडे पाहिले. नंदकुमारसाहेबांच्या कपाळावर घाम आला, पण शब्दाले शब्द लावायचे त्यांनी कबूल केले होते.

“इन्हें दुख है,” ते म्हणाले. वाक्य तिथेच सोडणे धोक्याचे होते, म्हणून त्यांनी पुढे जोडले, “...कि यह औषधि इन्हें पहले क्यों न मिली.”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

“लय दुखते!” गिरधरभाऊ ओरडले.

“बहुत दुख है!”

टाळ्या दुप्पट झाल्या. बायकांच्या बाजूने रंभाबाई उभ्या राहून हातवारे करत काहीतरी सांगत होत्या, पण त्या सत्काराने भारावल्या आहेत असे समजून बायकांनी त्यांना बसते केले. गिरधरभाऊ मागच्या खुर्चीवर टेकले. पेला मांडीवर तसाच राहिला. पाहुण्यांचे भाषण सुरू झाले ते दिवे लागेपर्यंत चालले. मध्येच वळून ते म्हणाले, “देखिए, इनके चेहरे पर कितनी शांति है!” लोकांनी पाहिले. शांती खरोखरच होती. ती तेव्हापासून बदललीच नाही. हे पहिल्यांदा रंभाबाईंच्या लक्षात आले, आणि त्यांनी फोडलेला हंबरडा भाषांतराची गरज नसलेला होता.

मरणाची नोंद करायला त्या भिकनला घेऊन गेल्या, तेव्हा टेबलामागे नंदकुमारसाहेबच होते. त्यांचे डोळे लाल होते; ते रडले असावेत.

“कारण काय लिहू, काकू?”

“छाती. दुसरं काय?”

“छातीचं लिहिता येत नही. तो रोग जिल्ह्यात नही.”

“मंग लिहा,” रंभाबाई म्हणाल्या, “लिंबानं मेले.”

नंदकुमारसाहेबांनी टाक दौतीत बुडवला आणि अतिशय हळू विचारले, “कोणत्या, काकू?”

हा प्रश्न सरकारने तोवर एकदाही विचारला नव्हता.

संशोधन मात्र वाया गेले नाही. कडुनिंबाने हृदय बरे होते असा निष्कर्ष निघाला, छापला गेला, त्याच्यावरून दुसरे छापले गेले. पडताळा कोणी पाहिला नाही, कारण जे कडू ते गुणकारी हे आपल्याकडे तपासावे लागत नाही. आज पहाटे तुमच्या शहरातल्या फिरायच्या बागेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या हातगाडीवर नाक दाबून तुम्ही जो हिरवा पेला रिकामा केलात, तो त्यातलाच. “हृदयाला फार चांगला,” असे तुम्ही शेजारच्याला सांगितलेत, आणि ‘कोणी सांगितले?’ असे त्यानेही विचारले नाही. परत येताना जिना चढलात तेव्हा डाव्या अंगाला एक बारीकशी कळ आली. घरात कोणाला बोलला नाहीत, ते बरेच केलेत. उद्यापासून दोन पेले मिळाले असते.